सगळे इनव्हेरियंट काढून झालेत, मग अल्जिब्राईक जॉमेट्रीत रिसर्च कशाचा?

प्रश्न असा आहे. पुण्यात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एकाने विचारलंय की मॅडम, कर्व्हचा जीनस, सरफेसचे हॉज नंबर, कोडायरा डायमेन्शन हे सगळं फॉर्म्युल्यासकट पुस्तकात तयार आहे, मग "व्हरायटीचे इनव्हेरियंट आणि स्ट्रक्चर" यावर पी.एचडी. करणारी माणसं दिवसभर करतात तरी काय, आणि ते हार्टशॉर्नचं जाड पिवळं पुस्तक सगळ्या एक्सरसाइजसकट संपवल्याशिवाय कुठल्या गाईडच्या दारात उभंच राहायचं नाही का. मी याच विषयात आहे, इथे पुण्यातच शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागणार, चहा घेऊन बस.

व्हरायटी म्हणजे पॉलिनॉमियल समीकरणांच्या उत्तरांचा आकार (डायमेन्शन एक असेल तर कर्व्ह, दोन असेल तर सरफेस), आणि इनव्हेरियंट म्हणजे तिला जोडलेला असा आकडा, जो तीच वस्तू वेगळ्या कोऑर्डिनेटमध्ये लिहिली तरी बदलत नाही. इनव्हेरियंट एकच गोष्ट छातीठोकपणे सांगतो, ती म्हणजे "या दोन वस्तू वेगळ्या आहेत". दोन कर्व्हचा जीनस (कॉम्प्लेक्स नंबरवर कर्व्ह रबरी पृष्ठभागासारखी दिसते, तिला किती भोकं आहेत तो आकडा) वेगळा आला की विषय संपला, एकीचं दुसरीत रूपांतर कुणी करूच शकत नाही. पण जीनस सारखा आला तर? पत्रिकेत छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले म्हणून संसार जुळला असं कोणी म्हणत नाही, तसंच आहे हे. आकडे जुळले आणि तरी वस्तू वेगळ्या आहेत असा संशय येतोय, अशी जी जागा असते तिथे आमच्यासारखे लोक बसलेले असतात. कधी नवा, जास्त बारीक बघणारा इनव्हेरियंट शोधायचा, कधी आकडे जुळल्यामुळे वस्तूच्या आतली रचना किती बांधली जाते ते सिद्ध करायचं. "सगळे काढून झालेत" हे वाक्य त्यामुळे मला पटतच नाही, पण नुसतं नाही म्हणून काय उपयोग, हाताने करून बघू.

जीनसला ग म्हणू आणि डिग्रीला ड. सगळं कॉम्प्लेक्स नंबरवर आणि प्रोजेक्टिव्ह प्रतलात. स्मूद प्लेन कर्व्हचा जीनस (ड−१)(ड−२)/२. म्हणजे रेषा आणि कोनिक शून्य, क्यूबिक १, क्वार्टिक ३, क्विंटिक ६. जीनस २ या यादीत येतच नाही! आणि ४, ५ पण नाही. जीनस २ ची कर्व्ह अस्तित्वात आहे, य चा वर्ग = क्ष मधलं सहा डिग्रीचं, वेगवेगळी मुळं असलेलं पॉलिनॉमियल, अशी ती लिहिता येते, पण स्मूद राहून प्रतलात ती मावत नाही. एवढ्यावरूनच कळतं की "कर्व्ह म्हणजे प्रतलातलं एक समीकरण" हे चित्र घेऊन फार लांब जाता येणार नाही.

पुढचा हिशोब रीमानचा, १८५७ चा. जीनस ग ≥ २ असेल तर कर्व्हच्या आकारात ३ग−३ मोकळे पॅरामीटर असतात. ताडून बघ. क्वार्टिकला १५ कोएफिशियंट, स्केल करायचं स्वातंत्र्य एक, म्हणून १४, आणि प्रतलाचे कोऑर्डिनेट बदलायचं स्वातंत्र्य ८, राहिले ६. तिकडे ३×३−३ पण ६. वा, जुळलं. म्हणजे जीनस ३ ची जवळपास प्रत्येक कर्व्ह प्लेन क्वार्टिक आहे (हायपरएलिप्टिक, म्हणजे प्रोजेक्टिव्ह रेषेवर दोनाला-एक मॅप असलेल्या, सोडून, त्यांचे पॅरामीटर ५, म्हणजे एकाने कमी). क्यूबिकला ९−८ = १, तो एक म्हणजे आपला जे-इनव्हेरियंट. आता क्विंटिक घे. २१ कोएफिशियंट, एक वजा २०, आठ वजा १२. आणि रीमान म्हणतो ३×६−३ = १५. तीन कमी पडले!

म्हणजे जीनस ६ च्या सगळ्या कर्व्हमध्ये प्लेन क्विंटिक हा अगदी छोटासा, खास प्रकार आहे. मग साधारण जीनस ६ ची कर्व्ह दिसते कशी? प्रतलात सेक्स्टिक घ्यायची, जिला चार नोड आहेत, नोड म्हणजे जिथे कर्व्ह स्वतःलाच छेदते तो बिंदू. प्रत्येक नोड जीनसमधून एक खातो, ५×४/२ = १०, वजा ४, आले ६. पॅरामीटर मोजायचे तर सेक्स्टिकला २८ कोएफिशियंट, म्हणून २७, चार नोड प्रतलात ठरलेल्या जागी बसवले की कोऑर्डिनेट बदलायचं स्वातंत्र्य तिथेच संपतं, आणि प्रत्येक नोडच्या तीन अटी, एकूण १२. २७−१२ = १५. हा हिशोब मी प्रत्येक बॅचला फळ्यावर करून दाखवते आणि दर वेळी मलाच मजा येते, खरं सांगते.

आता मुद्द्यावर येऊ. प्लेन क्विंटिक आणि ही चार नोडवाली, दोघींचा जीनस ६. मग दुसरा इनव्हेरियंट लावू, गोनॅलिटी, म्हणजे कर्व्हवरून प्रोजेक्टिव्ह रेषेवर जाणारा मॅप कमीत कमी कितीला-एक होऊ शकतो. क्विंटिकवरच्या एखाद्या बिंदूतून प्रोजेक्ट केलं की डिग्री ४ चा मॅप मिळतो, त्याहून कमी मिळत नाही. सेक्स्टिकच्या नोडमधून प्रोजेक्ट केलं तर ६−२ = ४. दोघींची गोनॅलिटी ४. जुळलं परत! इथे विद्यार्थी मान सोडतात. पण असे मॅप किती आहेत ते विचार. क्विंटिकवर प्रत्येक बिंदूचा एक, म्हणजे अनंत. चार नोडवालीवर, ती पुरेशी जनरल असेल तर, चार नोडचे चार आणि चारही नोडमधून जाणाऱ्या कोनिक घेतल्या की १२−८ = ४ म्हणून पाचवा, आणि बस, सहावा नाही. बरोब्बर पाच. आकडा तोच, पण तो आकडा किती वाटांनी गाठता येतो ते वेगळं, आणि ब्रिल-नोएदर थिअरी म्हणून जे काही आहे ते सगळं याच प्रश्नातून वाढलंय.

अजून खोल जाऊ, कारण खरी गंमत पुढे आहे आणि चालू रिसर्च पण तिथेच आहे. जीनस ६ ची, हायपरएलिप्टिक नसलेली कर्व्ह कॅनॉनिकल मॅपने (तिच्या स्वतःच्या डिफरेन्शियल फॉर्मनी मिळणाऱ्या मॅपने) पाच डायमेन्शनच्या प्रोजेक्टिव्ह स्पेसमध्ये डिग्री १० ची कर्व्ह म्हणून बसते. तिच्यावरून जाणारे क्वाड्रिक, म्हणजे डिग्री २ ची समीकरणं, किती? सहा. क्विंटिकला पण सहा, चार नोडवालीला पण सहा. हिल्बर्ट पॉलिनॉमियल (प्रत्येक डिग्रीला कर्व्हवर किती वेगळी पॉलिनॉमियल उरतात ते मोजणारं) एकच. मग त्या सहा क्वाड्रिकमधली नाती, म्हणजे सिझिजी, मोजायच्या. जनरल कर्व्हला पहिल्या पायरीवरच्या लिनिअर सिझिजी ५ आणि क्वाड्रिक सोडून वेगळं क्यूबिक समीकरण एकही लागत नाही. क्विंटिकला लिनिअर सिझिजी ८, आणि तीन क्यूबिक वरून लागतात. ५−० = ५, ८−३ = ५. कळलं का काय झालं? हिल्बर्ट पॉलिनॉमियलला फक्त वजाबाकी दिसते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने दोघी सारख्याच. वजाबाकीच्या आधीचे दोन आकडे वेगळे ठेवले की फरक लगेच समोर येतो. आणि त्या मागची जॉमेट्री पण सरळ आहे, क्विंटिकचा कॅनॉनिकल मॅप म्हणजे प्रतलातल्या कोनिक (कोनिकला कोएफिशियंट सहा, जीनस सहा, योगायोग नाही), त्यामुळे ती कर्व्ह व्हेरोनीज सरफेसवर बसते आणि ते सहा क्वाड्रिक एकत्र घेतले तरी अख्खा सरफेसच मिळतो, कर्व्ह वेगळी निघत नाही, म्हणून क्यूबिक लागतात.

बरं, मग आता बेटी टेबल, म्हणजे या समीकरणांच्या आणि सिझिजींच्या आकड्यांचा तक्ता, काढलं की संपलं का? नाही ना! जीनस ६ ची ट्रायगोनल कर्व्ह घेतलीस, गोनॅलिटी ३ वाली, तर तिचं बेटी टेबल क्विंटिकसारखंच येतं, ८ आणि ३ सकट. तिथे मात्र गोनॅलिटी फरक दाखवते. म्हणजे एक इनव्हेरियंट जिथे आंधळा, तिथे दुसऱ्याला दिसतं, आणि त्या दुसऱ्याच्या आंधळ्या जागी पहिला कामाला येतो.

मार्क ग्रीनने १९८४ मध्ये मांडलेलं कंजेक्चर नेमकं याबद्दल आहे. कर्व्हवर कुठल्या प्रकारचे खास मॅप आहेत त्यातून क्लिफर्ड इंडेक्स नावाचा आकडा निघतो, आणि ग्रीन म्हणतो की सिझिजींची लिनिअर साखळी कुठे तुटते ते बघून तो आकडा वाचता येतो. क्लेअर व्हॉयझँने २००२ आणि २००५ च्या पेपरमध्ये जनरल कर्व्हसाठी हे सिद्ध केलं, त्यासाठी कर्व्ह के-थ्री नावाच्या एका खास प्रकारच्या सरफेसवर नेऊन बसवली. २०१९ मध्ये अप्रोदू, फार्कास, पापादिमा, रायकू आणि वेमन यांनी पूर्ण वेगळ्या वाटेने, बऱ्याचशा कॅरॅक्टरिस्टिक प मध्येही (म्हणजे प हा प्राईम घेऊन, १ प वेळा मिळवला की शून्य येतो अशा संख्यांवरही) चालणारी सिद्धता दिली. प्रत्येक स्मूद कर्व्हसाठी अजून बाकीच आहे. तू विचारलंस ना काय उरलंय, हे उरलंय, आणि हे मी फक्त कर्व्हबद्दल बोलतेय, डायमेन्शन एक.

आता सिंग्युलॅरिटी, म्हणजे नोडसारख्या स्मूद नसलेल्या जागा, कारण पुण्यात बसून हा विषय बोलायचा आणि अभ्यंकर सरांचं नाव घ्यायचं नाही म्हणजे अतीच झालं. नोड जीनस खातो हे वर म्हटलं. सगळ्यात सोपं उदाहरण य चा वर्ग = क्ष चा घन + क्ष चा वर्ग. स्मूद क्यूबिक असती तर जीनस १, पण ओरिजिनला नोड आहे, म्हणून ० व्हायला हवा, म्हणजे कर्व्ह पॅरामीटरने लिहिता यायला हवी, आणि येते, क्ष = ट चा वर्ग − १, य = ट गुणिले (ट चा वर्ग − १). टाकून बघ, दोन ओळींचं काम. नोडमधून जाणारी, ट स्लोपची रेषा कर्व्हला अजून एकदाच भेटते, एवढीच त्यातली युक्ती.

कर्व्हला हे सोपं, पण वरच्या डायमेन्शनमध्ये सिंग्युलॅरिटी सोडवणं, म्हणजे बायरॅशनल (थोडा भाग सोडला तर एकास-एक) बदल करून व्हरायटी स्मूद करणं, हे भयंकर. कॅरॅक्टरिस्टिक शून्यला हिरोनाकाने १९६४ मध्ये सगळ्या डायमेन्शनमध्ये केलं. श्रीराम अभ्यंकरांनी हार्वर्डला झारिस्कीकडे पी.एचडी. करताना कॅरॅक्टरिस्टिक प मधल्या सरफेसचा प्रश्न सोडवला, तो पेपर १९५६ चा, आणि १९६६ पर्यंत डायमेन्शन तीन, प ५ पेक्षा मोठा असेल तर. उरलेले लहान प साधारण चाळीस वर्षांनी कोसार आणि पिल्टां यांनी पूर्ण केले. डायमेन्शन ४ पासून पुढे कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये प्रश्न उघडाच आहे. स्मूद मॉडेल मिळत नाही म्हणजे काय, तर आपले निम्मे इनव्हेरियंट स्मूद मॉडेलवरच डिफाइन केलेले असतात, त्यामुळे तिथे पाया घालतानाच अडतं.

सरांचं दुसरं एक काम मला जास्त आवडतं, मोह यांच्याबरोबरचं १९७५ चं थिअरम. ट या एका व्हेरिएबलमधली दोन पॉलिनॉमियल घे आणि त्यांनी रेषा प्रतलात व्यवस्थित, म्हणजे कुठेही न चुरगळता न छेदता बसवली असेल, तर कॅरॅक्टरिस्टिक शून्यमध्ये एकाची डिग्री दुसऱ्याच्या डिग्रीला भागतेच. ट चा वर्ग आणि ट चा घन घेतलास तर २ ने ३ ला भाग जात नाही, आणि बघ, ओरिजिनला कस्प, म्हणजे टोकदार कोपरा, येतोच. विधान बारावीच्या पोराला कळेल असं, सिद्धता मात्र दात पाडते, आणि कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये विधानच खोटं आहे. सर पर्ड्यूला प्रोफेसर होते पण १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं, लॉ कॉलेज रोडच्या आत, एरंडवण्यात, अजून आहे. हायस्कूलचं बीजगणित पक्कं ठेवा, पॉलिनॉमियल हाताने हलवा, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. काही लोकांना तो जुनाट वाटायचा. माझं मत विचारशील तर मशिनरी पण लागते, हट्टाने टाळण्यात अर्थ नाही, पण उदाहरण हातात नसताना नुसती मशिनरी शिकलेली मुलं सेमिनारला पहिल्याच प्रश्नाला अडतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

मोठ्या डायमेन्शनमध्ये सगळ्यात गाजणारा प्रश्न रॅशनॅलिटीचा, म्हणजे व्हरायटी मोकळ्या पॅरामीटरनी जवळपास एकास-एक लिहिता येते का. कर्व्हला जीनस शून्य की झालं. सरफेसला कॅस्टेलनुओव्होने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोन आकडे दिले, इर्रेग्युलॅरिटी आणि दुसरा प्लुरिजीनस (सरफेसवरचे वेगवेगळ्या प्रकारचे डिफरेन्शियल फॉर्म मोजणारे), दोन्ही शून्य तर रॅशनल. पहिला प्लुरिजीनस घेऊन भागत नाही, एनरिक्स सरफेसला तो शून्य आहे आणि दुसरा १, म्हणून तो रॅशनल नाही. डायमेन्शन तीनला हे आकडे सगळे शून्य येऊनही व्हरायटी रॅशनल नसते, आणि हे दाखवायला १९७१-७२ मध्ये तीन गटांनी तीन वेगळी हत्यारं काढली. इस्कोव्हस्किख आणि मानिन यांनी क्वार्टिकचे बायरॅशनल ऑटोमॉर्फिझम पकडले, क्लेमेन्स आणि ग्रिफिथ्स यांनी क्यूबिकचा इंटरमीजिएट जेकोबियन, आर्टिन आणि ममफर्ड यांनी तिसऱ्या कोहोमॉलॉजीतलं टॉर्शन.

आणि २०१८ चा हॅसेट, पिरुत्का, चिंकल यांचा निकाल तर माझ्या मते यातला सगळ्यात शिकण्यासारखा. त्यांनी चार डायमेन्शनच्या स्मूद व्हरायटींची एक सलग फॅमिली दाखवली ज्यात काही सदस्य रॅशनल आहेत आणि काही नाहीत. हॉज नंबर (व्हरायटीवरचे डिफरेन्शियल फॉर्म मोजणारे आकडे) अख्ख्या फॅमिलीत तेच राहतात, म्हणजे हॉज नंबर कितीही बारकाईने काढले तरी हा प्रश्न त्यांनी कधीच सुटणार नाही, हे पक्कं झालं. मग नवीन काहीतरी लागणारच. २०२५ मध्ये कात्झारकॉव्ह, कॉन्टसेविच, पांतेव्ह आणि यू यांनी हॉज स्ट्रक्चर आणि क्वांटम मल्टिप्लिकेशन एकत्र करून नवे बायरॅशनल इनव्हेरियंट बनवले आणि व्हेरी जनरल क्यूबिक फोरफोल्ड (चार डायमेन्शनची, डिग्री ३ ची व्हरायटी) रॅशनल नाही असा प्रीप्रिंट टाकला, बरेच ठिकाणी तो वाचायला लोक वर्किंग सेमिनार लावून बसलेत.

नंबर थिअरीची बाजू थोडक्यात, कारण तो वेगळा संसार आहे. फायनाईट फील्डवर बिंदू मोजणे हाही इनव्हेरियंटच. य चा वर्ग = क्ष चा घन − क्ष, आणि य चा वर्ग = क्ष चा घन + १, दोन्ही जीनस १. मॉड्युलो ५ मोजलेस तर अनंतावरचा बिंदू धरून पहिलीवर ८, दुसरीवर ६. मॉड्युलो ७ ला पहिलीवर ८, दुसरीवर १२. वेगळ्या आहेत, कळलं. पण दोन एलिप्टिक (अशा जीनस १ च्या) कर्व्ह आयसोजेनस, म्हणजे ग्रुप जपणाऱ्या मॅपने जोडलेल्या, असतील तर बिंदू सारखेच येतात, कर्व्ह वेगळ्या असल्या तरी, म्हणजे इथेही तेच दुखणं. आणि जीनस २ किंवा जास्त असेल तर रॅशनल बिंदू फायनाईटच, हे मॉर्डेलने १९२२ मध्ये म्हटलं आणि फाल्टिंग्जने १९८३ मध्ये सिद्ध केलं. एका टोपॉलॉजीच्या आकड्याने अंकगणित बांधून टाकलं, याहून चांगलं उदाहरण "स्ट्रक्चर"चं मला देता येणार नाही.

आता पिवळ्या पुस्तकाचं. सगळं संपवून मग येतो म्हणणारी मुलं बहुतेक येतच नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या चॅप्टरमध्ये स्कीम आणि शीफ कोहोमॉलॉजीत दोन वर्षं जातात आणि एकही कर्व्ह ओळखीची होत नाही. चौथा चॅप्टर कर्व्हचा आहे, तिथून सुरू कर, कोहोमॉलॉजीचे निकाल आधी मान्य करून वापर, रीमान-रोख आणि रीमान-हुर्विट्झ बोटांवर येईपर्यंत उदाहरणं कर, मग मागे जा. नेट, गेट, एन.बी.एच.एम. या परीक्षांची तयारी करावी लागतेच, फेलोशिपशिवाय घरभाडं निघत नाही, पण तो तीन मिनिटांत पर्याय निवडायचा वेग इथे उपयोगाचा नाही, दोन्ही तयारीचे तास वेगळे ठेव. पाषाणला आयसर आहे, गणेशखिंडला विद्यापीठाचं डिपार्टमेंट आहे, सेमिनारला जाऊन मागे बसायला सहसा कुणी अडवत नाही, अर्धं कळलं नाही तरी लोक कुठले शब्द परत परत वापरतात ते कानावर पडतं. गाईडकडे जाताना "मला अल्जिब्राईक जॉमेट्री आवडते" असं न सांगता एक उदाहरण घेऊन जा, जे तू स्वतः शेवटपर्यंत केलंयस आणि ज्यात तुला काहीतरी खटकलंय.

ते उदाहरण मीच देते. मॅकॉले टू हे असे हिशोब करणारं सॉफ्टवेअर फुकट डाउनलोड होतं. फायनाईट फील्ड घे, मोठासा प्राईम, म्हणजे कोएफिशियंट फुगत नाहीत. चार बिंदू घे, कुठलेही तीन एका रेषेत नकोत, त्या चारही ठिकाणी नोड असलेली एक सेक्स्टिक रँडम काढ. त्या चार बिंदूंमधून जाणाऱ्या क्यूबिक सहा निघतील (१०−४), त्या सहांनी मॅप केलास की तुझी कॅनॉनिकल कर्व्ह तयार. बेटी टेबल मागव, मधल्या दोन ओळी ६ ५ ० आणि ० ५ ६ अशा यायला हव्यात. मग रँडम प्लेन क्विंटिक घे, कोनिकनी मॅप कर, तिथे ६ ८ ३ आणि ३ ८ ६ येईल. मग चारपैकी तीन बिंदू एका रेषेत ढकल, सेक्स्टिक परत काढ, टेबल बदलतं का बघ, आणि नसेल बदलत तर ते पाच मॅप आता कुठे गेले ते शोध. तीन नोडमधून जाणारी रेषा ६ वेळा कर्व्हला आधीच भेटून बसलीये हे लक्षात ठेव, तिथून सुरुवात होईल.